तीन ठोके, मग एक

रविवार, २२ नोव्हेंबर १९९८
वरसे, रोहा

आलो एकदाचा. सांगलीहून रात्रीची एस.टी., पनवेलला उतरून पॅसेंजर, आणि दुपारी एक वाजता रोह्याच्या फलाटावर मी, माझी ट्रंक, वळकटी आणि हत्यारांची पेटी. पेटी उचलताना हमालाने विचारलं, की आत काय लोखंड भरलंय. मी ऐटीत सांगितलं, कॉम्प्युटरचा डॉक्टर आहे. त्याने गुरांच्या डॉक्टरला द्यावा तेवढा मान दिला आणि पेटी पुन्हा माझ्याच डोक्यावर ठेवली.

खोली वरसे गावात, कृष्णाबाईंच्या घराच्या मागच्या अंगाला. खिडकीतून शेतं दिसतात. भात कापून झालंय आणि त्याच ओलीवर वाल पेरलेत. कृष्णाबाईंनी आल्या आल्या बिरड्याची उसळ वाढली आणि मी किती पोळ्या खातो ते बघून, उद्यापासून भात जास्त टाकीन म्हणाल्या. बाई मोठी प्रेमळ आहे. मला इथे आवडणार.

ही वही आईने दिली. दुरुस्तीच्या नोंदी आणि मनातलं, दोन्ही एकातच लिहिणार आहे. आईने आणखी एक बजावलंय. तीन तारखेला दत्तजयंती, म्हणजे माझा तिथीने वाढदिवस, म्हणूनच मी दत्तात्रेय. त्या दिवशी देवळात जायला विसरू नको म्हणाली.

सोमवार, २३ नोव्हेंबर

प्रणितभाऊ म्हणजे माझ्या मावशीचे धाकटे दीर. त्यांचं कॉम्प्युटर विक्रीचं आणि दुरुस्तीचं दुकान एस.टी. स्टँडजवळ आहे. माणूस बोलायला गोड, पण बोलता बोलता काम गळ्यात घालणारा. आधी चहा, मग बटाटेवडा, मग पेणचं दुखणं.

पेणच्या पुढे धरमतरच्या खाडीला लागून एक मिठागर आहे. मालक मुंबईला असतात, कारभार मॅनेजर हैबतराव बघतात. मालकांच्या हौसेखातर सहा महिन्यांपूर्वी प्रणितभाऊंनी तिथे एक कॉम्प्युटर बसवला. तो धड एक आठवडा चालला नाही. चालू करायला गेलं की मध्येच कोसळतो, पुन्हा आपोआप सुरू होतो, पुन्हा कोसळतो. पनवेलचे दोन कारागीर बघून गेले, दोघांनी हात टेकले. आता मालक मशीन परत न्या म्हणतात, आणि असं झालं तर गावोगाव बोभाटा होईल.

मी दोन आठवडे उमेदवारीवर आहे. प्रणितभाऊ म्हणाले, हा खोका सुरू कर आणि नोकरी पक्की समज. मी मनात म्हटलं, एवढंच ना?

मंगळवार, २४ नोव्हेंबर

आज पेणला गेलो. तीनला मिठागरावर पोचलो. सगळीकडे पांढरट उजेड. पावसाळ्यात बुडालेले वाफे आता बांधून, चोपून तयार करताहेत, मीठ अजून कुठेच नाही. खाडी आणि मिठागर यांच्यामध्ये मातीचा उंच बांध. बांधाच्या पायथ्याशी ऑफिस, दोन खोल्या आणि पत्रा. त्याला लागून पंपाची खोली.

ऑफिसात मृणाली नावाची मुलगी दोन वर्षांपासून काम करते. पेण शहरातली आहे, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, आणि कॉम्प्युटर असूनही सहा महिने मजुरांची हजेरी हातानेच लिहून वैतागलेली. तिने मला बघून, हा तिसरा, एवढंच म्हटलं.

मशीन चालू केलं. पंखा फिरला, मेमरी मोजून झाली, विंडोजचं चित्र आलं आणि पडदा काळा. मग आवाज. सुरू होताना मशीन टुक् टुक् करून आपलं दुखणं सांगतं. एक आवाज म्हणजे ठीक, एक लांब म्हणजे मेमरी, असा तक्ता माझ्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे. इथे आले तीन भराभर, मग थोडं थांबून एक. पुन्हा तीन, थांबून एक. तक्त्यात असं काही नाही.

माझी एक सवय आहे. मशीन बोललं की स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने कॅबिनेटवर एकदा टक् करायचं. ऐकलं रे बाबा, आलो, अशा अर्थाने. तसं केलं. गंमत म्हणजे ते लगेच गप्प झालं. मृणाली म्हणाली, तुम्ही तर मांत्रिकच निघालात. पुन्हा चालू केलं तेव्हा मात्र पुन्हा कोसळलं, सहा वाजेपर्यंत कोसळतच राहिलं.

बुधवार, २५ नोव्हेंबर

दुरुस्तीचा माझा नियम साधा आहे. एका वेळी एकच भाग काढायचा आणि त्या जागी खात्रीचा चालू भाग घालायचा. दोष गेला तर काढलेला भाग चोर. दोष राहिला तर चोर अजून आत आहे.

अकरा वाजता कॅबिनेट उघडलं. आत पिठासारखं पांढरं बारीक काहीतरी साचलेलं. बोटाने चाखून बघितलं तर मीठ. खाडीची हवा म्हणायची. ब्रशने सगळं साफ केलं, मेमरीचे पाय खोडरबराने घासले, पॉवर सप्लाय नवा घातला. मशीन सुरू! तीन तास बिनतक्रार चाललं. हैबतराव स्वतः बघायला आले. साठीचा, भारदस्त माणूस, पांढरं शर्ट-धोतर, बोलणं हळू. मीठ आत कसं गेलं यावर मी जरा पांडित्य केलं, तर ते हसून म्हणाले, मीठ वाईट नसतं, मिठात काही कुजत नाही. मग एकदम पाठ फिरवून निघून गेले.

पावणेपाचला मशीन कोसळलं. तीन, थांबून एक. मला रडू यायचं बाकी होतं. कॅबिनेट पुन्हा उघडलं तर सकाळी पुसलेल्या जागी पुन्हा मिठाचा पातळ थर.

बाहेर जाऊन बसलो. बांधावर एक बाई बसली होती, शेजारी फडक्यात बांधलेली भाकर. मृणालीने सांगितलं, ही बायजाबाई. नवरा रघू बांधाचा राखणदार होता. गेल्या वर्षी नारळी पुनवेला भर दुपारी उधाण आलं, बांध फुटला आणि रघू नाहीसा झाला. खाडीने नेला असं सगळे म्हणतात. बाई ऐकत नाही. रोज भरतीच्या वेळी भाकर घेऊन येते, ओहोटी लागली की उठते. कपाळावर कुंकू अजून आहे. मी पाणी मागायच्या निमित्ताने तिच्याशी बोललो. ती सरळच म्हणाली, "खाडी तिसऱ्या दिवशी मानूस परत देते, सायब. माझा दिलान नाय. मंग कुंकू पुसू कशी? जेवता जेवता उठून गेला, अर्धी भाकर ताटात होती."



शुक्रवार, २७ नोव्हेंबर

काल मशीन उचलून रोह्याला आणलं. काल दिवसभर चाललं, रात्री चाललं, आज दिवसभर चाललं. शंभर वेळा बंद-चालू केलं असेल. एकदाही नाही कोसळलं. प्रणितभाऊ म्हणाले, पेणचं पाणी त्याला मानवत नाही. उद्या दुकानातलं दुसरं, चांगलं मशीन तिकडे नेतो. एकही भाग जुना नाही. बघू चोर कुठे जातो.

शनिवार, २८ नोव्हेंबर

नवं मशीन. नऊला लावलं, लगेच कोसळलं. तेच तीन, तेच एक.

मी डोक्याला हात लावून बसलो तेव्हा मृणालीने भिंतीवरचं कॅलेंडर काढून पुढे ठेवलं. सहा महिने ती बिचारी, मशीन किती वाजता रुसलं ते पेन्सिलीने लिहून ठेवतेय, आणि कोणी कारागिराने तिला विचारलंच नाही. मीही नाही. मंगळवारी दुपारी चार. बुधवारी पावणेपाच. आज सकाळीच, कारण दिवसातून दोन पाळ्या. रोज पाऊण-एक तास पुढे. असं घड्याळ एकाच गोष्टीला असतं, ते तिनेच सांगितलं. भरती.

बाहेर बघितलं. खाडी बांधाला लागली होती आणि बायजाबाई आपल्या जागेवर होती. अकराला पाणी उतरलं, बाई उठली, आणि मशीन सुतासारखं सरळ चालू लागलं.

म्हणजे सगळे भाग बदलले, फक्त एक बदलायचा राहिला होता. जागा. चोर मशीनमध्ये नाहीच, तो जमिनीतून येतोय.

भीती वाटली असं नाही. उलट बरं वाटलं. भरतीला जमीन भिजते, अर्थिंगमध्ये गडबड होते, एवढं सोपं आहे. सोमवारी भरतीच्या वेळी मीटर लावणार.

सोमवार, ३० नोव्हेंबर

शांतपणे, क्रमाने लिहितो.

ऑफिसचं अर्थिंग पंपाच्या खोलीमागे आहे. जमिनीत खड्डा, त्यात मीठ आणि कोळसा, मधोमध लोखंडी पाइप, वर सिमेंटचं झाकण. पाइपला बांधलेली तांब्याची तार आधी पंपाच्या खोलीत जाते, तिथून ऑफिसात. मीठ-कोळसा सगळीकडेच घालतात, जमीन ओली राहावी म्हणून. पण हा खड्डा भलताच लांबरुंद आहे. आमचे आय.टी.आय.चे मास्तर सांगायचे, करंटला जमिनीत जायची घाई असते. तार दिली तर तारेतून जाईल, नाही दिली तर तुमच्यातून.

पावणेदहाला, भरती भरात असताना, मेन स्विच पाडला. दिवे बंद, पंखे बंद, कुठेही वीज नाही. अर्थिंगच्या तारेला काट्याचा मीटर लावला. काटा शून्यावर असायला हवा होता.

काटा उडाला. तीन वेळा. थांबला. एकदा.

मी बघत राहिलो. पुन्हा तीन, थांबून एक. मेन बंद होता. मी दोनदा जाऊन खात्री केली.

मग मी जे केलं ते प्रत्येक वायरमन करतो. अर्थ नडतोय, तर अर्थ काढून टाक. पंपही त्याच तारेवर आहे हे दिसत होतं मला, पण हंगाम सुरू होईपर्यंत पंप बंदच असतो असं मृणाली म्हणाली, आणि तोवर दुसरा खड्डा खणून घेऊ असं मी स्वतःला सांगितलं. पकडीने तार कापली आणि टोक वाकवून ठेवलं.

पकडीला रबराची मूठ होती. मेन बंद होता. तरी तार तुटली त्या क्षणी उजव्या हातातून खांद्यापर्यंत काहीतरी चढलं आणि आत राहिलं. झटका बसून जातो. हे गेलं नाही.

मशीन चालू केलं. भर भरतीत, एका दमात सुरू झालं. मृणालीने टाळ्या वाजवल्या. हैबतरावांनी पेढे आणवले. काय केलंत विचारलं, मी म्हटलं अर्थिंगचा दोष होता, तार तोडली. त्यांच्या हातातला पेढा हातातच राहिला. मग म्हणाले, चांगलं केलंत, त्या खड्ड्याकडे आता कुणी जायचं कारण नाही.

नोकरी पक्की झाली. आनंद व्हायला हवा. उजवा हात अजून झिणझिणतोय.

मना भूक लागलेय

मंगळवार, १ डिसेंबर

वरची शेवटची ओळ मी लिहिलेली नाही. अक्षर माझं आहे.

सकाळी कृष्णाबाईंनी चहाचा कप माझ्या हातून घेतला आणि ओरडून सोडून दिला. हाताला झटका बसला म्हणाल्या. अंथरुणात पांढरी कचकच होती. त्यांनी चाखली आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

दुरुस्त मशीन परत द्यायला पेणला गेलो, साडेदहाची भरती. मशीन छान चाललंय. मृणाली आणि बायजाबाई ऑफिसच्या पायरीवर बसल्या होत्या. मी काहीतरी बोलत होतो आणि माझी बोटं दाराच्या पत्र्यावर वाजत होती. मला कळलंही नाही. बायजाबाईने माझं मनगट धरलं. तिलाही झटका बसला, पण तिने सोडलं नाही. तिने विचारलं, हे कुठे शिकलास?

मग तिने सांगितलं. बांधाच्या राखणदाराकडे एक पत्र्याचा डबा असतो. बांध फुटला, खांड गेली, की तो डबा वाजवतो. "तीन भरभर, थांबायचा, मंग येक. म्हंजे खांड गेली, या. ऐकनाऱ्यानं येकदा वाजवायचा, म्हंजे आलो. आलो बोलला का यावाच लागतं, भरल्या ताटावरून उठून. आन् उत्तर येईतोवर वाजवनारा थांबत नाय, सायब. मरंपर्यंत थांबत नाय."

मी पहिल्याच दिवशी कॅबिनेटवर एकदा टक् केलं होतं.

ती गेल्यावर मृणालीला विचारलं, हा अर्थिंगचा खड्डा कधी खणला. तिला तारीखच आठवत होती. आधी इथे अर्थिंग नव्हतंच. गेल्या वर्षी नारळी पुनवेला सगळे खांडीवर माती टाकत होते तेव्हा हैबतरावांनी एकट्याने खणला. पाण्याचा पेला स्वतः न उचलणारा माणूस संध्याकाळपर्यंत फावडं मारत होता, म्हणून तिच्या लक्षात राहिलं. दुसऱ्या दिवशी वायरमनने येऊन फक्त पाइप ठोकला. मिठाच्या अकरा गोणी गेल्या. आणि रघूला शेवटचं बघितलं ते डबा टाकून पंपाकडे पळताना, पाणी उपसायला.

मी तिला पुढचं बोललो नाही. पण मला दिसलं. अर्थ नसलेला पंप, लोखंडी स्टार्टर, ओले हात, पाण्यात पाय. तार नसली की माणसातून जातं. आणि मिठात काही कुजत नाही.

तो सहा महिने त्या तारेतून हाक मारत होता. मी आलो म्हटलं आणि तार तोडली.

बुधवार, २ डिसेंबर

हात आता खांद्यापर्यंत बधिर. दुकानातल्या कुठल्याही मशीनला हात लावला की ते कोसळतं. तीन, एक. नळातून तीन, एक. कृष्णाबाई लांबून ताट सरकवतात. जेवतो आणि तरी भूक जात नाही. भूक माझी नाही.

प्रणितभाऊंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, नोकरी पक्की झाल्यावर माणसं आजारी पडतात, तू मात्र कमालच केलीस. मग म्हणाले, बरं आठवलं, हैबतरावांचा निरोप आहे. उद्या पुनवेच्या उधाणाला, बरोबर बारा वाजता, मिठागराचा हंगाम सुरू करायचा मुहूर्त. पंपाची पूजा. या वर्षी मान रघूच्या बायकोला. नारळ वाढवून पंपाचं बटण ती दाबणार. बघ, किती मोठ्या मनाचा माणूस आहे.

मी कापलेली तार.

फोन लावला. संध्याकाळ झाली होती, ऑफिसात कोणी नाही. पुन्हा लावला. घंटा वाजते. कोणी उचलत नाही. ती ओल्या पायांनी उभी राहील. नारळाच्या पाण्याचे हात—

शेवटची एस.टी. गेली. सकाळी पहिलं काम तेच.

गुरुवार, ३ डिसेंबर

सकाळी ७.४०. एस.टी.डी. बूथ. सहा वेळा लावला. सातव्यांदा कोणीतरी उचलला. हॅलो नाही. तीन ठोके. थांबून एक. बूथवाल्याला ऐकवलं, तो म्हणाला लाइन खराब आहे. नऊपर्यंत लावत राहणार, मृणाली येईल तेव्हा—

९.२०. मृणालीला आज दत्तजयंतीची सुटी असणार. कसं नाही सुचलं. एस.टी. सुटली. पॅसेंजर पकडली. अकराच्या आत पेण.

१०.०५. निडी. गाडी थांबली. पुढे मालगाडी उभी आहे म्हणतात. पाच-दहा मिनिटं.

१०.४०. अजून उभी. खिडकीच्या गजाला हात लावू शकत नाही. शेजारच्याला माझा झटका बसला, तो उठून दुसऱ्या डब्यात गेला.

११.१५. स्टेशनातल्या माणसाचे पाय धरायचे बाकी ठेवले. त्याच्याकडे फक्त रेल्वेचा फोन. त्याने पेण स्टेशनला सांगितलं. तिथून मिठागर लांब, कोण जाणार. डांबरी रस्त्यापर्यंत चालत गेलो तरी तास. मग पुढे पेण, मग धरमतर. नाही पोचत. मी नाही पोचत.

आता ती फडक्यात भाकर बांधून निघाली असेल.

११.३०. लिहून ठेवतो. ही वही ज्याला मिळेल त्याने पेणला मिठागराच्या ऑफिसात मृणालीला द्यावी. मृणाली, तू ही बायजाबाईला वाचून दाखव. रघू वाहून गेला नाही. पंपाच्या खोलीमागे, सिमेंटच्या झाकणाखाली, मिठात आहे. पंपाचा शॉक लागून गेला. हैबतरावांनी पुरला. त्यांनी एक तार जोडली नव्हती म्हणून तो गेला, आणि तीच तार मी तोडली. मी काही त्यांच्याहून बरा नाही. आई, मी देवळात जाऊ शकलो नाही.

११.४०. फलाटाच्या टोकाला नळ आहे. खाली चिखल. शेजारी दिव्याचा लोखंडी खांब. खांबाला बोट लावलं. ठोके आले. इथे. पेणचे ठोके इथे, माझ्या हातात. तार तुटली तेव्हा जे चढलं ते गेलंच नाही. मीच तार आहे आता.

तार दिली तर तारेतून जाईल.

११.४८. चप्पल काढली. पाय चिखलात रोवले. डावा हात खांबावर. उजव्याने लिहितोय. अक्षर— माझंच आहे ना? गार लागतंय. पायाखालची माती खारी वाटतेय, इथे खाडी नाही तरी—

बायजा गो बटनाला हात लावू नको

११.५५. नाही, लिहू दे त्याला. लिही रे. तिला—

अर्धी भाकर ऱ्हायली. तू खा गो. वाट नको बघू. मी हतंच हाय, मिठात. लांब नाय गेलो

११.५८. नारळ वाढवला असेल. हात पुढे केला असेल. यायचं ते माझ्यातून येऊ दे. तिच्यातून नको. रघू, वाजव. मी आहे. मी धरून ठेवलाय खांब. सोडणार नाही—

तीन.

थांबलं.

एक माझा. आलो रे, आ